कर्ण समान, सबब आयत

ज्या वस्तूला आकार आहे तिला नियम आहे, आणि जिला नियम आहे तिच्यासाठी कुठेतरी एक खातं आहे. आमच्या गावात ते आकार पडताळणी खातं. कर्मचारी सतरा, टेप एक. तुमची खोली नेमकी कोणता चौकोन आहे, हे खात्याने लिहून दिल्याशिवाय दुकानाचा परवाना मिळत नाही. आणि तेच योग्य आहे.

पूर्वी हे लोक चारही बाजू आणि चारही कोन मोजत. अर्धा दिवस जाई, वर कपाटं सरकवावी लागत. नव्या साहेबांनी अभ्यासाअंती शोधून काढलं की आयताचे कर्ण समान असतात. सबब, ज्याचे कर्ण समान तो आयत. (मांजराला मिशा असतात. साहेबांनाही आहेत. पण तो विषय वेगळा.) आता समोरासमोरच्या कोपऱ्यांत टेप ताणायची, की दोन मिनिटांत खोली निकालात. कामाचा वेग शंभरपट वाढला; चहा धरून चौपट.

अशात शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या खोलीची पाळी आली. मागची भिंत बारा फूट, रस्त्याकडची आठ, बाजूच्या दोन्ही सारख्याच तिरक्या. शाळेत याला समद्विभुज समलंब चौकोन म्हणतात. कर्ण दोन्ही साडेचौदा फूट. शिक्का बसला: आयत.

"अहो, पुढची भिंत आठच फूट आहे," मावशी म्हणाल्या.

"आयताच्या समोरच्या बाजू समान असतात, मावशी. मागची किती?"

"बारा."

"झालं तर. पुढची बारा."

म्हणजे चार फूट कुणीतरी खाल्ले होते. दोन डावीकडच्या जिन्याने आणि दोन उजवीकडच्या घड्याळवाल्या काकांनी. जिना सरकारी असल्याने निर्दोष सुटला. काकांचं दुकान पुढे साडेतीन फूट, मागे दीड. पुढचे दोन काढले की तेही शुद्ध आयत होईल, असं खात्याने त्यांना अभिनंदनासह कळवलं. त्या आयतात काका अंग चोरून आडवे उभे राहिले तर मावतात. स्टूल बाहेर.

"मला नकोत हो ते दोन फूट," मावशी रडकुंडीला आल्या. "एकतीस वर्षं बसलाय तो माणूस तिथे."

काका एवढंच म्हणाले, "एकदा बाजू मोजा ना. टेप हातातच आहे तुमच्या."

"टेप कर्णांसाठी मंजूर आहे."

खातं निर्दयी मात्र नाही. भिंतीवर नोटीस लागली: भूमिती शिकलेल्या कोणाही एका त्रयस्थाने पंधरा दिवसांत 'बाजू मोजा' असं लिहून सही केल्यास फेरमोजणी होईल. आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेले दोनशे चाळीस, इंजिनियर अकरा आणि भूमितीच्या शिकवण्या घेणारे सर एक. काकांनी नोटिशीशेजारी दोरीने पेन बांधून ठेवलं आणि रोज सकाळी ते चालतंय ना, हे हातावर रेघ ओढून पाहिलं.

सगळ्यांनी नोटीस वाचली. सगळ्यांना चूक कळली. "अरे, हा तर उघड समलंब!" म्हणत लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. सरांनी तर तिथेच उभं राहून आकृती काढून सिद्धता दिली, खडूने, रस्त्यावर. सोळाव्या दिवशी खात्याने मधली भिंत पाडली. काकांनी सगळी घड्याळं एका पिशवीत भरली आणि ते मुलीकडे गेले. फार वाईट वाटलं.

मी सही करणारच होतो, पण हे लिहिण्यात गुंतलो होतो. तुमचं मात्र मला नवल वाटतं. चूक तुम्हाला मावशी येण्याआधीच कळली होती, आणि तुम्ही हसून पुढे वाचत राहिलात.