रेकॉर्ड रूममधला श्वास

ताणतणावाचं मला काही सांगू नका! ऑफिसात त्यावर दीड तासाचं व्याख्यान झालं, तेव्हापासून मी त्या विषयातला जवळजवळ तज्ज्ञच आहे. व्याख्यात्या बाईंनी दोन उपाय सांगितले होते. चिंता एकट्यानं वाहू नका, आणि श्वासाकडे लक्ष द्या.

पहिला उपाय मी त्याच संध्याकाळी केला. बाबांची औषधं, मुलीचं गणित, गळका नळ, सगळ्या चिंता बायकोला सांगून मोकळा झालो. ती म्हणाली, "बघते हं." महिनाभरात माझा चेहरा नव्या बादलीसारखा तुकतुकीत झाला!

परवा एका हरवलेल्या नकाशावरून साहेबांनी मला सगळ्यांदेखत झापलं. मी शांतपणे रेकॉर्ड रूममध्ये गेलो, दोन कपाटांच्या मधे फरशीवर आडवा झालो आणि डोळे मिटले. चार मोजत श्वास आत, सात मोजत रोखायचा.

पाचावर होतो, तोच झाडूवाल्या मावशींची किंकाळी!

"अगं बाई! गेले हो भाऊ!"

तेव्हाच उठायला हवं होतं. पण दोनच आकडे राहिले होते! तेवढ्यात टायपिस्टनं, सूटकेस बंद करताना लावतात तसा माझ्या छातीवर जोर लावला. शिपायानं तोंडावर बाटलीभर पाणी ओतलं. आता उठणार, तर साहेबांचा आवाज आला. रडवेला!

"माझ्यामुळे झालं हे. नको ते बोललो मी त्यांना."

आता सांगा, कुठल्या तोंडानं डोळे उघडू? मी मिटूनच ठेवले. लाज वाटते सांगायला, पण बारीकसा कण्हलोसुद्धा!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "नाडी उत्तम, बीपी उत्तम. यांना इथे आणलंय कशाला?"

इतक्यात बायको धावत आली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी. मला धडधाकट पाहिलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. डॉक्टरांनी तिचं बीपी घेतलं. एकशे सत्तर!

"कसला ताण आहे का हो?"

"छे! घरचं थोडं जास्त होतं, इतकंच. यांना ताण सोसत नाही ना, म्हणून मीच बघते सगळं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती मनापासून बोलत होती! मी खाटेवरून उतरलो आणि तिला तिथे झोपवलं.

"दोन दिवस पूर्ण विश्रांती," डॉक्टर म्हणाल्या. "घर कोण बघेल?"

"मी," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! डॉक्टरांनी घाईनं पुन्हा बीपी घेतलं, आकडा पाहिला आणि माझ्याकडे वळल्या.

"वीसनं उतरलंय. परत एकदा म्हणता का?"