आई-बाळ योगशिबिराचा गैरहजर मातांवर झालेला परिणाम

मातेचे मन प्रसन्न असेल तर कुटुंब सुखी राहते, हे सत्य आजवर प्रामुख्याने कुटुंबातील पुरुषांच्याच ध्यानात आलेले आहे. म्हणून पंचाहत्तर साल महिलांचे म्हणून जाहीर होताच तासगाव तालुक्यातील आमच्या गावानेही एक समिती नेमली. (विषय नाजूक असल्याने तीत महिला घेतल्या नाहीत.) सांगलीहून योगशिक्षक आणले आणि शाळेच्या पटांगणात रोज दुपारी चार ते पाच आई-बाळ योगशिबिर सुरू झाले.

पहिल्याच दिवशी माता भरगच्च संख्येने हजर होत्या. सरासरी वय साठ.

नाथाजीच्या घरून त्याची बायको राहीबाई यायची होती, तर त्याची आई दगडाबाईच नातवाला काखेत मारून आल्या. समितीचे अध्यक्ष भाऊसो यांनी सौम्य हरकत घेतली.

"आवं काकू, पोराच्या आईनं यायचं हुतं."

"मग मी कोण हाय रं? सात बाळंतपणं झाल्यात माजी. सून हितं आली तर शेंगा कोण फोडंल, तू?"

भाऊसोंनी हरकत मागे घेतली. नाथाजीही सतरंज्या अंथरण्याच्या राष्ट्रीय कार्यास रोज येऊ लागला.

पंधरवड्याने समिती घरोघर पाहणीस निघाली. शिबिरार्थी मातांपैकी निम्म्यांची कंबर धरली होती. बाकीच्या जणी सुनांबद्दल बोलत होत्या. नाथाजीच्या घरी पोचेतो मात्र चार वाजून गेले होते; राहीबाई एकटीच उंबऱ्यात बसली होती. शेंगांची पाटी शेजारी, हात मांडीवर.

"काय करतीस गं?" भाऊसोंनी विचारले.

"काय न्हाई, भावजी."

"मन कसं हाय?"

राहीबाई जरा गोंधळली. (हा प्रश्न तिला पूर्वी कोणी विचारल्याची नोंद नाही.)

"लय झ्याक. घर गप हाय," ती म्हणाली. "तेवढं शिबिर बंद करू नगासा."

समिती गहिवरली. योगाचा प्रभाव मधला ओढा ओलांडून नाथाजीच्या उंबऱ्यापर्यंत पोचतो, हे सिद्ध झाले. न येता एवढा लाभ, तर येऊन किती? त्याच सायंकाळी एकमताने ठराव झाला: सोमवारपासून सुनांना हजेरी सक्तीची, सासवांना देखरेखीसाठी खुर्च्या.

आता राहीबाई रोज येते. पुढे सासूची खुर्ची, मागे सतरंजीवर नवरा, मांडीवर केस ओढणारे पोर. शिक्षक तिला डोळे मिटून प्रसन्न व्हायला सांगतात. शेंगा ती जेवणं उरकल्यावर फोडते. तिचे मन कसे आहे, हे समितीने पुन्हा विचारलेले नाही. लाभ गृहीत धरला आहे.

वाचक महाशय, हे घरच्या बाईंना वाचून दाखवावे असे तुमच्या मनात आलेच असेल. नका दाखवू. पायांत चपला घाला, पोराला उचला, म्हातारीलाही बरोबर घ्या आणि तासभर कुठंतरी जाऊन या.

आणि परत आल्यावर, एवढा वेळ काय केलंस, असं तेवढं विचारू नका.