गुरुवारचा तास आणि गार्डसाहेब

दर गुरुवारी बरोबर तीन वाजता आमच्या फाटकाला लाल झेंडी लागते. खरी, दांड्याची, रेल्वेतली. ती लावतात समोरच्या घरातले मनोहरराव. मग शेजारी खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून चार वाजेपर्यंत बसतात. नव्या माणसाला वाटावं, अमरावतीच्या या कॉलनीतून आता गाडी जाणार आहे. गाडी कसली, माझा ब्लॉग जातो.

ब्लॉग म्हणजे माझ्या नातीनं, पूजानं, मोबाइलवर उघडून दिलेली वही. मी आठवी शिकलेली बाई. मनात येईल ते लिहिते. ज्वारीच्या कण्या कशा रांधायच्या, सासूबाई कशा रुसायच्या. वाचणारे दहा-वीस, पण आठ दिवस काही टाकलं नाही की अकोल्याहून मावसबहीण फोन करते, ‘जिती आहेस न व बाई?’

लिहायला बुद्धी कमी लागते, सवड जास्त. आणि ती काही सापडेना. एक ओळ सुचली की कुकर शिट्टी देतो, दुसरी सुचली की कोणी विरजण मागायला येतं. हे मी एकदा फाटकात उभ्या उभ्या मनोहररावांना बोलून गेले. पुढच्या गुरुवारी ते झेंडी घेऊन हजर.

ते बडनेऱ्याहून गार्ड म्हणून रिटायर झाले. बायको, सुमनबाई, आम्ही इथं राहायला यायच्या आधीच गेल्या. एकटेच राहतात, सगळी कॉलनी त्यांना गार्डसाहेब म्हणते. बोलणं अजून रुळावरचं. दुपारी झोपले तर ‘यार्डात होतो’, भाजी खारट झाली तर ‘डबा घसरला’. माझ्याकडे कोणी आलं की ‘वयनीची लाइन ब्लॉक हाय’. विरजणवालीला स्वतःच्या घरचं विरजण देऊन वाटेला लावतात. मी काय लिहिते ते मात्र कधी विचारत नाहीत. चार वाजता एवढंच, ‘सुटली काय?’ मी म्हणायचं, ‘सुटली.’ की झेंडी गुंडाळून घरी.

एका गुरुवारी पूजाला पाहायला परतवाड्याचे पाहुणे येणार होते, पाच वाजता. ते आले सव्वातीनलाच. मुलगा आलूबोंडे आणायला गेलेला, सून मागच्या खोलीत मिक्सर लावून बसलेली, आणि मी आत सासूबाईंच्या रुसण्याचा तिसरा भाग लिहीत होते. गार्डसाहेबांनी पाहुण्यांना आपल्या ओट्यावर नेऊन बसवलं, पाणी दिलं, मुरमुरे दिले आणि सांगितलं, गाडी आउटरले थांबते तसे थांबा, सिग्नल चार वाजता. नवऱ्या मुलाचे मामा तापले. म्हणाले, आम्ही पोरगी पाहाले आलो, पोस्टात नाही आलो.

गार्डसाहेब म्हणाले, “पोरगी कुठी पळून चालली काय बाप्पा? इचार पळते.”

चार वाजता पाहुणे आत आले ते तोंडं पाडूनच. कांदेपोहे खाल्ले नाहीत, आलूबोंड्याला हात लावला नाही. दोन दिवसांनी नकार आला. पूजा गालात हसली, पण सुनेचा पारा चढला. तिचं म्हणणंही काही खोटं नव्हतं. पोरीच्या लग्नापुढे हे लिहिणं कोणतं आलं? म्हणाली, “आई, आता तुमचा तो तास बंद करा.”

मीही ठरवलं, बंद. तसं सांगायला बुधवारी गार्डसाहेबांकडे गेले. म्हटलं, तुमचे उपकार आहेत, पण उद्यापासून बसू नका. वय झालं, माझं लिहिणं काय नि न लिहिणं काय.

ते उठले. आत गेले आणि एक दोनशे पानी वही आणून माझ्या हातात दिली. वर सुमनबाईंचं नाव. आत पहिल्या पानावर एकच ओळ. ‘आज जरा सवड सापडली म्हणून लिहाले बसली, तर’. पुढे कोरं. मी पानं उलटत गेले, शेवटपर्यंत कोरं.

मी विचारलं, ‘तर’च्या पुढे काय झालं?

“दार वाजलं,” गार्डसाहेब म्हणाले. “मीच होतो, वयनी. ड्यूटीवरून आलो न चहा मांगतला.” माझ्या हातातली वही मिटवत म्हणाले, “मंग रोजच आलो.”

मी वही घेऊन घरी आले आणि पहिलं पान उघडून सुनेपुढे ठेवली. तिनं ती ओळ वाचली. दुसऱ्या दिवशी गुरुवार. तीनला पाच मिनिटं असताना तिनं मिक्सर बंद केला, माझ्या खोलीतला पंखा लावला आणि जाताना दार ओढून घेतलं. तिचेही असे किती तास हुकले असतील, असं त्या दाराकडे पाहून पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

सासूबाईंचा चौथा भाग राहू दिला. सुमनबाईंची ती ओळ होती तशी टाइप केली. ‘तर’च्या पुढे काही जोडलं नाही. खाली त्यांचं नाव घातलं आणि चार वाजेपर्यंत सुमनबाईंसोबत बसून राहिले.