गोड्या पाण्याचा कबुलीजबाब

नळाने दोन आचके दिले, थोडी हवा सोडली आणि तो गप्प झाला. मेहुण्याने रिकामा पेला कप्तानापुढे धरला.

"दाजी, पाणी संपलं."

"संपेल कसं? पंधरा दिवसांचं भरलं होतं. आज नववा!"

कप्तानाने नळ पुरता उघडून बघितला. शिडाची बोट मालकासाठी आपल्या बंदरात आणून द्यायची, ही त्याची कप्तान म्हणून पहिलीच कामगिरी, आणि वारा हट्टाने समोरून. गेले सहा दिवस बोट डाव्या कुशीवर कलून लाटांवर आपटत होती. झोपायचं ते जवळजवळ भिंतीवरच. आता जवळचा किनारा गाठायला वळलं, तर हाडं खिळखिळी करून कापलेलं सगळं अंतर फुकट जाणार आणि पुढचं काम कुणी देणार नाही. न वळावं, तर फळांच्या रसाचे तीनच डबे उरले होते.

"तू चोरून अंघोळ केलीस," कप्तान गरजला.

"मी? वास घेऊन बघा!"

वास घ्यायची गरज नव्हती. दुसऱ्या दुपारी रसाचा शेवटचा डबाही संपला, तसा कप्तान खचला.

"वळू या. आणि अरे... मी रोज दाढी करत होतो. गोड्या पाण्याने."

"मला दात खाऱ्या पाण्याने घासायला लावलेत! भर समुद्रात तुमची दाढी बघणार कोण?"

मेहुण्याने उपग्रहावर चालणारा फोन घेतला आणि बहिणीला निरोप पाठवला. शेवटचाच निरोप म्हणून त्याने काही हातचं राखलं नाही.

कप्तानाने जड मनाने सुकाणू फिरवलं. शिडं फडफडली, बोट उजव्या कुशीवर कलली, आणि खाली उघडा राहिलेला नळ खोकून धो धो वाहू लागला. टाकी जवळजवळ निम्मी भरलेली होती! सात दिवस पाणी डाव्या अंगाला साचलं होतं आणि उजव्या अंगाची नळी नुसती हवा ओढत होती. दोघे पोटभर प्यायले, एकमेकांच्या गळ्यात पडले आणि बोट पुन्हा घराच्या वाटेला लावली.

"ते दाढीचं घरी बोलू नकोस हं," कप्तान हळूच म्हणाला.

"ताईचं उत्तरसुद्धा आलं, दाजी. बंदरावर न्यायला येतेय म्हणे. एकटीच."

तेवढ्यात वारा फिरला. दहा दिवसांत पहिल्यांदाच तो मागून आला आणि बोट सुसाट निघाली.

"दाजी! असाच राहिला तर तीन दिवसांत घरी!"

कप्तानाने गुळगुळीत गालावरून हात फिरवला.

"मोठं शीड उतरव," तो म्हणाला. "उगाच घाई कशाला?"