सोनकुसरे काकांची पाणबुडी

मे महिन्यात भर दुपारी घरचा कूलर स्वतःच्या हाताने बंद करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर नागपूरला आमच्याकडे या. आमच्या शेजारचे सोनकुसरे काका दाखवतो. जेवण झालं की काका उठतात, कूलरचं बटण बंद करतात, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळतात आणि कॉम्प्युटरसमोर ताठ बसतात. काकू आतल्या खोलीत पदराने वारा घेत असतात.

"काका, काहून बंद केला? उकडून निघून राहिलो ना आम्ही!" मी कुरकुरतो.

"सर, हळू बोला. आवाज झाला का दुश्मन ऐकते."

हा दुश्मन पडद्यावर असतो. काका पाणबुडीच्या लढाईचा खेळ खेळतात आणि हे दुखणं त्यांच्या घरात मीच आणलं. त्यांचा एकुलता एक मुलगा पंकज नौदलात आहे, पाणबुडीवर. बोट एकदा खाली गेली की फोन बंद. कुठे गेला, कधी वर येणार, हे आईबापांनाही कळत नाही. काकांनी जन्मभर सदर भागातल्या दुकानात साड्या विकल्या. समुद्र पाहिलेला नाही. पाण्याशी संबंध म्हणाल तर अंबाझरी तलावाचा, तोही काठावरून.

मागच्या दिवाळीत फराळाला गेलो, तर चिवड्याची बशी माझ्या हातात देत काका म्हणाले, "सर, पोरगं पाण्याखाली काय करते, ते मले समजून घ्याचं हाय. काही सोय करा."

मी कॉलेजात शिकवतो, म्हणजे मला जगातलं सगळं येतं असा त्यांचा समज. मी शोधून शोधून अगदी नवशिक्यांसाठी असलेला खेळ त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. पहिला टप्पा सरळ होता. बंदरातून निघायचं, शत्रूचं एक जहाज बुडवायचं, बंदरात परत यायचं. मी चहा निवायच्या आत करून दाखवला. काकांनी तिथेच जाहीर केलं, "पंकज सुटीवर यायच्या आत ही बोट मी बंदरात आणून दाखवतो. त्याच्यासमोर अडाणी नाही बसणार."

तेव्हापासून काका पहिल्याच टप्प्यावर आहेत.

अडचण अशी, की काका पाणबुडीही दुकानासारखीच चालवतात. शत्रूचं जहाज समोर आलं की मी ओरडतो, "काका, मारा!" काका माउसवरचा हात काढून घेतात.

"गिऱ्हाईक दिसल्याबरोबर गादीवरून उठाचं नसते सर. त्याले वाटलं पाहिजे का आपल्याले गरज नाही."

जहाज निवांत निघून जातं. काका त्याच्याकडे पाहत राहतात आणि म्हणतात, "येईल परत. जाते कुठं?" ते परत येतं, तेव्हा आपल्याला बुडवूनच जातं. मी डोक्याला हात लावतो. काका चष्मा पुसतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. हा माणूस खेळाला कंटाळला नाही, हरण्याला कंटाळला नाही. मी मात्र दोनदा रागावून घरी निघून आलो आणि दोन्ही वेळा काकूंनी आंब्याच्या रसाचं आमिष दाखवून परत नेलं.

"पाण्याखाली उतावीळपणा नाही चालत," हे त्यांचं नवं पालुपद. ते जमिनीवरही चालतं. भाजीवालीने घाई केली, तरी हेच. धंतोलीतल्या डॉक्टरांनी जरा भरभर चालायचा व्यायाम सांगितला, तर त्यांनाही हेच ऐकवून आले. मी एकदा वैतागून म्हणालो, "काका, तुमच्या बसची बात नाही ही." ते हसले. म्हणाले, "माझा बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणे. पोरगं पाण्यात उतरलं. आमच्या खानदानात कमाई खालीच हाय. मले कसं नाही जमणार?"

त्या कॉम्प्युटरशेजारी एक स्टीलची परात असते आणि परातीत त्यांचा मोबाइल. टेबलावर घामाचे थेंब पडतात म्हणून असेल, असं मला वाटायचं. विचारलं कधी नाही. या घरात एक प्रश्न विचारला की समुद्रावर तासभर ऐकावं लागतं.

गेल्या मंगळवारी मात्र काकांनी कमाल केली. जहाज दिसलं, काका थांबले, जहाज वळून परत आलं आणि काकांनी बटण दाबलं. जहाज बुडालं! काकांनी पडद्याला हात जोडले आणि पुटपुटले, "माफ करजा गा." मग बोट परत फिरवली. बॅटरी संपत आली होती, हवा कमी होत होती, आणि काका इंचाइंचाने येत होते. समोर बंदर दिसायला लागलं. मी श्वास रोखून उभा. काकूसुद्धा दारात आल्या. आता फक्त वेग कमी करून आत शिरायचं होतं.

तेवढ्यात परात कडाडली.

उतावीळपणा न करणारा तो माणूस असा उठला, की खुर्ची उलटी पडली आणि दुपट्टा माझ्या अंगावर आला. "हॅलो! पंकज! हो, हो... आवाज येऊन राहिला. साफ येऊन राहिला बाबू! जेवला काय? वाळला तर नाहीस? थांब, आईले देतो." काकूंना फोन देऊन काका न्हाणीघरात गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

बोलणं संपल्यावर काकूंनी फोन पदराने पुसून परत परातीत ठेवला. म्हणाल्या, "सर, तुमाले खरंच वाटलं काय, का दुश्मन ऐकते म्हणून कूलर बंद राहते? मागच्या उन्हाळ्यात पोराचा फोन आला होता. कूलरच्या घरघरीत तुमच्या काकाले ऐकूच नाही आला. आम्ही परत फोन लावला, तोवर तो खाली गेला होता. पावसाळा लागला, तरी पोराचा आवाज नाही. तेव्हापासून हे असंच हाय. मी बी काही म्हणत नाही. म्हणू तरी काय?"

इतके दिवस मी त्या माणसावर हसत होतो, आणि तो त्या उकाड्यात कान लावून बसला होता.

काका तोंड पुसत बाहेर आले. डोळे लाल होते. आधी जाऊन त्यांनी कूलरचं बटण दाबलं, पूर्ण वेगावर. मग पडद्याकडे पाहिलं. बोट बंदराच्या धक्क्यावर आदळून केव्हाच बुडाली होती. माझं लक्षही गेलं नव्हतं.

"काका, इतक्या महिन्यांची मेहनत हो! अगदी दारात येऊन बुडाली."

काकांनी खुर्ची सरळ केली, कूलरसमोर ओढली आणि डोळे मिटून बसले.

"बुडू द्या सर," ते म्हणाले. "आपली वर आली."