दोन्ही बाजूंनी ओळख

आमच्या ऑफिसातले माधवराव सार, म्हणजे तमिळ वळणाचे 'सर', स्वतःच्या डब्यालाही सील लावून आणत. झाकणाच्या कडेला कागदाची पट्टी, तिच्यावर तिरकी सही. जेवायच्या वेळी ती सही निरखून तपासत, मान डोलावत आणि पहाटे स्वतःच कालवलेल्या दहीभाताला म्हणत, "हां, आमच्याच घरचा."

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं ऑफिस. मोजके कंप्युटर, एकच फोन. आम्ही दोघंच मराठी घरांतली, म्हणून सार माझ्याशी मराठीत बोलत. मी इंग्रजी शाळेतली, त्यात अबोल. "तूच बरी गे," ते म्हणत, "तुझ्यातनं काही गळत नाही."

तेव्हा चेन्नईच्या एका बँकेशी आमचा प्रोग्राम वेब सर्व्हिसने जोडायचा होता. बँक म्हणाली, पासवर्ड पाठवा, पुरे. सार उसळले. "नुसता पासवर्ड? दोन्हीकडच्या कंप्युटरांनी एकमेकांना ओळखीचं सर्टिफिकेट दाखवायचं! सोयरीक जुळवताना एकच बाजू गोत्र सांगते की काय?"

एवढं बोलून ते एकदम फोनकडे बघू लागले. त्यांच्या मुलीने, शारदाने, गोत्रबित्र न विचारता कोइमतूरच्या मुलाशी लग्न केलं होतं. सार भांडले, ती गेली, बोलणं तुटलं. फोन मात्र सारांच्याच टेबलावर. दुसऱ्या कुणी हात लावला की "सिक्युरिटी!" म्हणून ओरडत.

फोनवर त्यांचा एकच प्रश्न, "कशावरून?" बँकेच्या मॅनेजरला त्यांनी इतकं पिळलं, की त्याने शेवटी लहानपणीचं लाडकं नाव सांगून टाकलं. तेव्हापासून तो "गुंडू बोलतोय" म्हणाल्याशिवाय कामाचं बोलणं सुरू होत नसे.

अखेर गुंडूने सर्टिफिकेटं मान्य केली. चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे त्याच्या फोनची वाट पाहत होतो. घंटी वाजली. सारांनी झडप घातली.

"कोण?"

त्यांचा हात डब्यावर गेला आणि सीलची पट्टी टर्रकन फाटली.

"कशावरून?" सवयीने तोंडून निघालंच. मग ते नुसतं ऐकत राहिले. रिसीव्हर तळव्याने झाकून घाबऱ्याघुबऱ्या मला म्हणाले, "शारदा गे! विचारते, तुम्ही तरी माझेच नाना कशावरून?"

"बरोबर आहे, सार," माझ्या तोंडून गेलं. "दोन्ही बाजूंनी."

सारांनी सगळ्या ऑफिसकडे पाठ फिरवली. तरी ऐकू आलंच. तो जाड मिशांचा माणूस लहान मुलीला खेळवावं तशा अगदी बारीक आवाजात म्हणत होता, "तुपाची बाहुली कुणाची? तुपाची बाहुली नानांची."

मग नाक ओढल्याचा आवाज, आणि, "जेवलीस की गे?"

गुंडूला त्या दुपारी आमचा फोन एंगेजच लागत राहिला.