घुबडीण, तिचा डबा आणि राजाचं भाषण

एका जंगलात, पोरांनो, एक घुबडीण राहत होती. जंगल कुठलं ते विचारू नका, सगळी सारखीच. तिचं नाव धोंडाबाई. पोरीचं नाव मात्र हौसेनं कोकिळा ठेवलेलं.

यावरून जंगलात हसणं चालायचं. घुबडाचा आवाज अशुभ, तो कानी पडला की कुणीतरी जातंच, असं कावळीण सांगत फिरायची. स्वतः जशी काही भूपाळीच गायची.

आणि एकदा टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत कोकिळेची निवड झाली. धोंडाबाईनं ठरवलं, हे गाणं रेकॉर्ड करायचं आणि सगळ्या जंगलाला बसवून ऐकवायचं. म्हणजे तोंडं बंद होतील.

पण गाणं भरदुपारी. दुपारी घुबडं झोपतात. हसू नका, तुम्ही वर्गात काय करता ते ठाऊक आहे मला.

तिनं कोल्ह्याच्या दुकानातून रेकॉर्डिंगचा डबा आणला. कोल्ह्यानं समजावलं, की कार्यक्रम पुढेमागे झाले की नेटवरून डब्याला नवं वेळापत्रक येतं आणि तो आपली वेळ बदलतो. नेट नसेल तर पहिल्या वेळेलाच धरून बसतो, हट्टी सासऱ्यासारखा.

त्या दुपारी माकडांनी नेटच्या तारेला झोके घेतले. तार तुटली. तेवढ्यात सिंहमहाराजांना भाषणाची लहर आली आणि गाणी पुढे गेली.

शेजारची साळुंकी धावत आली. धोंडाबाईला गदागदा हलवून म्हणाली, "अगं धोंडे, ऊठ. नेट गेलंय आणि गाणं पुढे ढकललंय. तुझ्या डब्याला पत्ताच नाही. ऊठ आणि बटण दाब."

"डब्याला सगळं कळतं," धोंडाबाई डोळे न उघडता म्हणाली. "तो विकत आणलाय. तुझा सल्ला फुकटचा आहे."

साळुंकी गेली.

तिन्हीसांजेला सगळं जंगल जमलं. कोकिळा नटूनथटून पुढे बसली. डबा लावला. पडद्यावर सिंहमहाराज. विषय, 'प्रजेने सदैव जागे राहावे'.

मग दुपारी गाणं कुणीच ऐकलं नाही? कावळीण म्हणाली, घुबड गातंय म्हटल्यावर घरोघरी टीव्ही बंद केले. एकट्या साळुंकीनं ऐकलं होतं. "गोड गायली पोर," ती म्हणाली. पण कावळिणीपुढे साळुंकीचं कोण ऐकतंय?

उठून जायची मात्र कुणाची छाती होईना. राजाचं भाषण चालू असताना उठायचं नाही, अशी तिथली रीत. सगळे शेवटपर्यंत बसले, टाळ्याही वाजवल्या.

हे सिंहाच्या कानावर गेलं. भाषण घरात जपून ठेवणारी आणि चारचौघांना बोलावून ऐकवणारी साऱ्या राज्यात ही एकटीच. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाईला 'जागरूक प्रजा' पुरस्कार मिळाला. बक्षीस, आणखी मोठा डबा. कावळीणसुद्धा कौतुक करायला आली.

सगळे पांगल्यावर कोकिळा म्हणाली, "आई, मी कुठलं गाणं म्हटलं, ते तरी विचार."

पण तोवर दुपार झाली होती. धोंडाबाई झोपली होती.

तात्पर्य : पोरीचं गाणं ऐकायचं तर जागं राहावं लागतं. जागरूकतेचा पुरस्कार झोपेतही मिळतो. तेव्हा पोरांनो, झोपा.